युरेनिलची हिरवी चमक: माती, पाणी आणि स्वाइपच्या नमुन्यांत अंशमात्र युरेनियम कसे शोधावे

पर्यावरणातून गोळा केलेल्या नमुन्यात अणुइंधनाशी संबंधित पदार्थ आहे का, हे तपासण्याच्या बहुतेक पद्धती महाग, वेळखाऊ आणि मोजक्या प्रयोगशाळांपुरत्या मर्यादित आहेत. प्रतिदीप्ती, म्हणजे प्रयोगशाळांत सर्रास ज्याला फ्लुओरेसन्स म्हटले जाते, तिचे चित्रण ही त्यांच्या तुलनेत स्वस्त, झटपट आणि नमुना नष्ट न करणारी पद्धत आहे. मात्र तिचे क्षेत्र अरुंद आहे. ट्रेभर मातीतील किंवा स्वाइपच्या, म्हणजे पृष्ठभाग पुसून घेतलेल्या हाताएवढ्या कापडावरील कोणत्या ठिकाणी पुढची मेहनत करायची, हे ती सांगते. तिथे नेमके काय आणि किती आहे हे ठरवायला दुसरी साधने लागतात, आणि चमक दिसली नाही यावरून युरेनियम नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढील मार्गदर्शन पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि तंत्रज्ञांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

काय चमकते आणि काय चमकत नाही

निसर्गात युरेनियम मुख्यतः दोन रूपांत आढळते. चार संयुजेचे युरेनियम ऑक्सिजन नसलेल्या खोल थरांत, युरेनिनाइटसारख्या काळ्या खनिजांत असते, तर हवा आणि पाण्याच्या संपर्कात आल्यावर ते सहा संयुजेचे होऊन युरेनिल आयनाच्या रूपात विरघळते. या आयनात युरेनियमच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन एका सरळ रेषेत बसलेले असतात. अतिनील किंवा जांभळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश परत देण्याचा गुण या युरेनिलचा आहे. हिरव्या चमकेच्या वर्णपटात साधारण ४८८, ५१०, ५३३ आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या अंतराने, शिखरांची एक रांग दिसते. ही रांग हीच युरेनिलची खरी ओळख आहे, कारण हिरवा रंग इतर अनेक पदार्थ दाखवतात, परंतु अशा पायऱ्या फार थोडे दाखवतात. भोवतालच्या रसायनानुसार शिखरे काही नॅनोमीटर इकडेतिकडे सरकतात, हेही लक्षात ठेवावे.

युरेनिनाइट किंवा पिचब्लेंड मात्र दिव्याखाली काळेच राहते. थोरियमलाही अशी चमक नाही, त्यामुळे केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळू किरणोत्सारी असूनही थोरियमची खूण या पद्धतीने मिळत नाही. प्लुटोनियमही युरेनिलप्रमाणे दृश्य प्रकाशात चमकत नाही. क्युरियम आणि अमेरिसियम यांची प्रतिदीप्ती ज्ञात आहे, पण पर्यावरणीय नमुन्यांत त्यांचे प्रमाण इतके कमी असते की ती विशेष प्रयोगशाळांची बाब ठरते. थोडक्यात, सामान्य प्रयोगशाळेत ही पद्धत युरेनिलसाठी वापरावी आणि तिच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. ही चमक किरणोत्सारामुळे येत नाही. आन्री बेकरेल यांनी १८९६ साली पोटॅशियम युरेनिल सल्फेटचे स्फटिक घेतले ते नेमके त्यांच्या चमकेसाठी. सूर्यप्रकाशाने चमकणारे स्फटिक क्ष-किरणांसारखे काही सोडतात का, हे त्यांना पाहायचे होते. ढगाळ हवामानामुळे खणात ठेवून दिलेली, काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रण पट्टीही काळी पडली, तेव्हा प्रकाश आणि ते किरण यांचा संबंध नाही हे उघड झाले. चमक इलेक्ट्रॉनांची असते, किरणोत्सार केंद्रकाचा. याचा व्यावहारिक अर्थ असा की नैसर्गिक युरेनियम, समृद्ध युरेनियम आणि समृद्धीकरणानंतर उरलेले क्षीण युरेनियम या तिघांची चमक सारखीच दिसते. युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२ टक्के आहे, ९० टक्के आहे की ०.२ टक्के, हे कॅमेरा कधीही सांगणार नाही.

दिवा, पेटी आणि कॅमेरा

उत्तेजनासाठी दोन प्रकारचे दिवे लागतात. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी टॉर्च सहज मिळतो आणि त्याने चांगले काम होते, तर ऑट्युनाइटसारखी युरेनिल फॉस्फेट खनिजे २५४ नॅनोमीटरच्या लघुतरंग दिव्याखालीही ठळक दिसतात. दोन्हींखाली चित्र घेऊन तुलना करण्याचा फायदा असा की युरेनिलसारखे भासणारे काही तोतये पदार्थ एकाखाली चमकतात आणि दुसऱ्याखाली गप्प बसतात. स्वस्त ३६५ नॅनोमीटर टॉर्चमधून बराच दृश्य जांभळा प्रकाश गळतो. तो नमुन्यावरून परावर्तित होऊन चित्राला निळसर पडदा घालतो, म्हणून टॉर्चच्या तोंडावर दृश्य प्रकाश अडवणारी काळी फिल्टर काच बसवलीच पाहिजे. काच बसवल्यावर टॉर्च कोऱ्या, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर मारून पाहावा. पृष्ठभाग जवळपास काळा दिसला तर काच नीट काम करते आहे.

लघुतरंग दिवा डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो. काही मिनिटांच्या थेट संपर्कानेही डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना काही तासांनी सुरू होते. पॉलिकार्बोनेटचा अतिनीलरोधक चश्मा, पूर्ण बाह्या आणि हातमोजे यांना पर्याय नाही. पेटीचे दार उघडताच दिवा बंद होईल अशी कळ बसवून घेणे सर्वांत उत्तम.

पेटी आतून मॅट काळ्या रंगाची असावी, पण रंग लावण्यापूर्वी तो स्वतः चमकत नाही ना हे दिव्याखाली तपासावे. काळा कार्डपेपर, काळे कापड, चिकटपट्टी यांपैकी कित्येक वस्तू डोळ्यांना काळ्या दिसतात आणि अतिनील प्रकाशात मंद निळ्या पडतात. साधा पांढरा कागद तर ब्राइटनरमुळे, म्हणजे शुभ्रता वाढवणाऱ्या रसायनामुळे, दिव्यासारखाच पेटतो, त्यामुळे नमुन्याशेजारी कागदी चिठ्ठी ठेवण्याची सवय मोडावी.

कॅमेरा एकरंगी आणि संवेदक थंड ठेवणारा असेल तर उत्तम. तो नसेल तर हाताने उद्भासन (एक्स्पोजर) ठरवता येणारा साधा डिजिटल कॅमेराही प्राथमिक छाननीला पुरतो. अट एवढीच की चित्रे रॉ स्वरूपात साठवावीत, व्हाइट बॅलन्स कायम एकच ठेवावा आणि स्वयंचलित सुधारणा बंद कराव्यात, कारण जेपेग चित्रात कॅमेरा आपल्या समजुतीप्रमाणे रंग दुरुस्त करतो आणि मोजमापाचा पायाच हलतो. भिंगासमोर तीन अरुंद फिल्टर आलटून पालटून लावता येतील अशी सोय करावी: एक ५१० ते ५३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, एक ४५० च्या आसपास आणि एक ६२० च्या आसपास. पहिल्या पट्ट्यात युरेनिल उजळ दिसते. दुसऱ्यात सेंद्रिय पदार्थ आणि ब्राइटनर. तिसरा पट्टा रुंद, पसरट चमक असलेली खनिजे उघडी पाडतो. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात युरेनियम काचेचा एक छोटा तुकडा कायमचा बसवून ठेवावा. दिव्याची तीव्रता दिवसागणिक थोडी बदलते आणि तो तुकडा नसेल तर दोन दिवसांच्या चित्रांची तुलना करता येत नाही.

मातीचा नमुना

माती खोलीच्या तापमानाला किंवा जास्तीत जास्त चाळीस अंशांपर्यंत वाळवावी. घाई करून भट्टीत वाळवल्यास ऑट्युनाइटसारख्या सजल खनिजांतील पाणी निघून जाते आणि चमकेचे स्वरूप बदलू शकते. मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून, शक्य असल्यास ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीने बारीक भाग वेगळा करावा आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे, एका कणाच्या जाडीचा थर होईल इतके विरळ पसरावेत. थर जाड झाला की खालचे कण झाकले जातात. चाळण्या दोन नमुन्यांमध्ये धुतल्या नाहीत तर पहिल्या नमुन्यातील एखादा कण दुसऱ्यात जाऊन बसतो, आणि अंशमात्र शोधात एक कणही निष्कर्ष फिरवायला पुरेसा असतो.

सामान्य मातीत काय दिसेल याची अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. पृथ्वीच्या कवचात युरेनियमचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २.७ भाग असते आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते त्याहूनही कमी असते. यातले बरेचसे युरेनियम झिरकॉनसारख्या कणांच्या आत अडकलेले असते, त्यामुळे नेहमीच्या मातीत युरेनिलची चमक दिसत नाही. ती दिसते ती दुय्यम युरेनिल खनिजे तयार झालेल्या ठिकाणी: खाणींच्या टाकाऊ ढिगांजवळ, प्रक्रिया कारखान्यांच्या जुन्या गळतीत किंवा क्षीण युरेनियमचा दारूगोळा गंजलेल्या जागी. अमेरिकेतील ओहायो राज्यातील फर्नल्ड येथील दूषित मातीत आणि वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे १९५१ साली टाकी भरून वाहिल्यामुळे मुरलेल्या युरेनियमच्या अभ्यासात प्रतिदीप्तीचा मोठा उपयोग झाला. हॅनफर्डमध्ये युरेनियम खडीच्या कणांतील सूक्ष्म भेगांत युरेनिल सिलिकेटच्या रूपात जाऊन बसलेले आढळले. अशा नमुन्यात कणाचा बाहेरचा पृष्ठभाग पाहून भागत नाही. कण राळेत बसवून, कापून, घासून त्याचा छेद पाहावा लागतो.

तांबड्या मातीत आणखी एक अडचण येते. लोहाच्या ऑक्साइडचा लेप अतिनील प्रकाशही शोषतो आणि बाहेर येणारा हिरवा प्रकाशही गिळतो. कोकणातील जांभ्या दगडाच्या मातीवर ही पद्धत वापरताना चमक न दिसणे हा जवळजवळ निरर्थक निकाल समजावा आणि अशी माती आम्लात विरघळवून द्रावणाचे मापन करावे.

तोतया खनिजांची यादी मोठी आहे, त्यांपैकी नेहमी भेटणारी ओळखून ठेवावीत. कॅल्साइट वेगवेगळ्या रंगांत चमकते. शीलाइट लघुतरंग दिव्याखाली निळसर पांढरे दिसते, तर नाशिक परिसरातील खाणींतून मिळणारे, संग्राहकांमध्ये प्रसिद्ध असलेले पॉवेलाइट पिवळसर. सर्वांत फसवे विलेमाइट: त्यातील मँगनीजमुळे येणारी चमक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमकी आपल्या फिल्टरच्या पट्ट्यात पडते. मात्र तिचे शिखर एकच आणि रुंद असते, युरेनिलसारख्या पायऱ्या त्यात नसतात. आणि काही कॅल्सिडोनी व ओपल यांची हिरवी चमक तर खरोखरच युरेनिलचीच असते, फक्त ती भूजलातून लाखो वर्षांत झिरपलेल्या नैसर्गिक अंशांची. ओळख बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, असा हा प्रकार आहे. तिथे स्थळाचे भूशास्त्र माहीत असण्याला पर्याय नाही.

चित्रे घेण्याचा क्रम

आधी दिवा बंद ठेवून, तेवढ्याच उद्भासनाचे अंधारचित्र घ्यावे. त्यानंतर रिकाम्या ट्रेचे चित्र आणि मग नमुन्याचे, तिन्ही फिल्टरांत. संगणकावर नमुन्याच्या चित्रातून अंधारचित्र वजा करावे, युरेनियम काचेच्या उजळपणाने भागून दिव्याचा फरक काढून टाकावा आणि मग प्रत्येक बिंदूसाठी हिरव्या पट्ट्याचे निळ्या व लाल पट्ट्यांशी गुणोत्तर काढावे. नुसता हिरवा उजळपणा पाहून निवड केली तर कागदाचे तंतू आणि बुरशीसुद्धा निवडली जाते. गुणोत्तराने त्यातली बरीचशी गळते. उंबरठा मनाने ठरवू नये. रिकाम्या ट्रेच्या चित्रातील सरासरी अधिक तिच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, हा प्रचलित आणि समर्थनीय उंबरठा आहे.

उंबरठ्यावरचे बिंदू मिळाले की त्यांचे सहनिर्देशक नोंदवून ते कण सूक्ष्मदर्शकाखाली आणावेत आणि प्रत्येकाचा वर्णपट घ्यावा. पायऱ्या स्पष्ट दिसल्या तर युरेनिल. पसरट उंचवटा दिसला तर दुसरे काही. खोलीच्या तापमानाला पायऱ्या धूसर असतील आणि द्रव नायट्रोजनची सोय असेल तर नमुना ७७ केल्विनपर्यंत थंड करून पुन्हा पाहावे. थंडीत शिखरे टोकदार होतात आणि खोलीच्या तापमानाला जवळजवळ न चमकणारे युरेनिल कार्बोनेटही दिसू लागते.

स्पंदित प्रकाशस्रोत आणि फाटक असलेला कॅमेरा उपलब्ध असल्यास वेळेचा उपयोग करून घ्यावा, कारण तो रंगाच्या कोणत्याही फिल्टरपेक्षा प्रभावी आहे. सेंद्रिय पदार्थांची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर युरेनिलची अनुकूल रसायनात शंभर मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक टिकते. प्रकाशाचे स्पंद संपल्यावर काही मायक्रोसेकंद थांबून मग कॅमेऱ्याचे फाटक उघडले की ह्युमिक आम्ल, कागद, कापूस हे सारे अंधारात जातात आणि युरेनिल मागे राहते.

स्वाइपचे नमुने

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९९० च्या दशकापासून आण्विक सुविधांच्या तपासणीत पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्यांचा नियमित वापर करते. यासाठी १० गुणिले १० सेंटिमीटरचे स्वच्छ सुती कापड, दुहेरी पिशव्या आणि हातमोजे असा संच असतो. एक जण पुसतो, दुसरा पिशव्या व नोंदी सांभाळतो. ऑस्ट्रियातील साइबर्सडॉर्फ येथील स्वच्छ प्रयोगशाळेत आणि सदस्य देशांतील प्रयोगशाळांच्या जाळ्यात या नमुन्यांचे विश्लेषण होते.

अशा कापडावरील कण किती लहान असतात याचा अंदाज घ्यावा. एक मायक्रोमीटर व्यासाचा युरेनियम ऑक्साइडचा गोळा सुमारे सहा पिकोग्रॅम वजनाचा असतो. ऑक्साइडमध्ये युरेनियम चार संयुजेचे असेल तर तो चमकणारही नाही. प्रतिदीप्तीचे चित्रण उपयोगी पडते ते मुख्यतः युरेनिल फ्लोराइडसाठी. समृद्धीकरणात वापरला जाणारा युरेनियम हेक्झाफ्लोराइड हवेतील बाष्पाशी संयोग पावला की युरेनिल फ्लोराइडचे कण आणि हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. हे कण ताजे असताना हिरवे चमकतात. दमट हवेत त्यांतील फ्लोरिन हळूहळू निघून जाते व कणांचे रसायन आणि वर्णपट बदलत जातो, म्हणून नमुना कोरड्या जागी, बंद पिशवीत ठेवावा आणि नमुना घेतल्याची तारीख, जागेची आर्द्रता व तापमान नोंदवल्याशिवाय वर्णपटाचा अर्थ लावू नये.

स्वाइपसाठी कापड निवडताना ब्राइटनर नसलेले, आधी दिव्याखाली तपासलेले कापडच घ्यावे. डिटर्जंटने धुतलेल्या ॲप्रनचा एक तंतू कापडावर पडला तरी तो चित्रात ठळक निळा दिसतो. तो हिरव्या कणाशेजारी असेल तर त्याची प्रभा कणाला झाकून टाकते. दर काही नमुन्यांमागे एक कोरे कापड सर्व टप्प्यांतून न्यावे: तशीच पिशवी, तोच प्रवास, तशीच हाताळणी, फक्त पुसणे वगळून. स्टँडर्ड, म्हणजे युरेनियमचे प्रमाण आधीच माहीत असलेली, द्रावणे हाताळणारी खोली आणि स्वाइप उघडणारी खोली वेगळी असलीच पाहिजे. याबाबतीत तडजोड केलेल्या प्रयोगशाळेचे निकाल कितीही देखणे असले तरी मी ते गांभीर्याने घेणार नाही.

पाण्याचा नमुना

विरघळलेल्या युरेनियमच्या बाबतीत चित्रणापेक्षा द्रावणाची प्रतिदीप्ती मोजणे सोयीचे आहे, आणि भारतात या पद्धतीचा सर्वाधिक उपयोगही पिण्याच्या पाण्यासाठीच होतो. पंजाबचा माळवा भाग, राजस्थान आणि गुजरात येथील भूजलात मर्यादेपेक्षा जास्त युरेनियम अनेक ठिकाणी आढळले आहे. ते प्रामुख्याने खडकांतून आलेले असते; बायकार्बोनेटचे जास्त प्रमाण ते विरघळवून धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारतीय मानक ब्युरोची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितलेली आहे. अहवालात कोणत्या मर्यादेशी तुलना केली हे स्पष्ट लिहावे.

विंधन विहिरीतून नमुना घेताना पंप काही मिनिटे चालवून नळीत साचलेले पाणी जाऊ द्यावे. आम्लाने धुतलेल्या पॉलिथिनच्या बाटलीत ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून पाणी भरावे आणि सामू, विद्युतवाहकता व क्षारता जागेवरच मोजावी. बाटलीच्या भिंतींना युरेनियम चिकटू नये म्हणून नायट्रिक आम्ल टाकण्याची पद्धत आहे, पण तसे केल्यास मोजताना बफर घातल्यावर सामू पुन्हा तपासावा लागतो.

भूजलातील युरेनिल बहुधा कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्याशी जोडलेले असते आणि त्या रूपात त्याची चमक फारच क्षीण असते. म्हणून सोडियम पायरोफॉस्फेटचे ५ टक्के द्रावण तयार करून, त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब घालून सामू ७ च्या आसपास आणतात आणि दहा भाग पाण्याला एक भाग बफर या प्रमाणात मिसळतात. बफर सर्व युरेनिलला एकाच फॉस्फेट रूपात आणतो, त्याची चमक वाढवतो आणि ती अधिक काळ टिकवतो. त्यानंतर नायट्रोजन लेसरच्या ३३७ नॅनोमीटर प्रकाशाने किंवा इंदूरमध्ये बनणाऱ्या एलईडी फ्लुओरिमीटरसारख्या उपकरणात सुमारे ४०० नॅनोमीटरच्या स्पंदित प्रकाशाने उत्तेजन देऊन उशिराने येणारी हिरवी चमक मोजतात. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपासचे प्रमाण अशा उपकरणाने नीट मोजता येते.

इथे खरा धोका क्वेंचिंगचा आहे. क्लोराइड, लोह, मँगनीज आणि सेंद्रिय आम्ले युरेनिलची चमक विझवतात, आणि ही विझलेली चमक उपकरणाच्या पडद्यावर कमी युरेनियम म्हणूनच दिसते. शुद्ध पाण्यातील स्टँडर्डवर काढलेल्या आलेखावरून थेट वाचन केले तर दूषित पाणी सुरक्षित ठरण्याची शक्यता राहते. किनारपट्टीवरील खाऱ्या विहिरींच्या पाण्यात तर हे हमखास होते. उपाय म्हणजे ज्ञात भर घालण्याची पद्धत, आणि ती प्रत्येक नमुन्यासाठी वापरावी.

एक उदाहरण घेऊ. समजा क्युवेटमध्ये, म्हणजे मापनाच्या पारदर्शक कुपीत, ५ मिलिलिटर पाणी आणि ०.५ मिलिलिटर बफर घेतला आणि कोऱ्या नमुन्याचे वाचन वजा करून उपकरणाने २४० दाखवले. आता मायक्रोपिपेटने लिटरमागे १००० मायक्रोग्रॅमच्या स्टँडर्डचे ५० मायक्रोलिटर घातले. म्हणजे ५० नॅनोग्रॅम युरेनियमची भर पडली, जी ५ मिलिलिटर पाण्याच्या हिशेबाने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम होते. नवे वाचन ४०० आले. म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या भरीने १६० ची वाढ झाली, तर मूळ २४० साठी प्रमाण १५ मायक्रोग्रॅम ठरते. घनफळात झालेली सुमारे एक टक्का वाढ इथे दुर्लक्षित केली आहे. काटेकोर कामात तिची दुरुस्ती करावी. आता हीच भर शुद्ध पाण्यात घातल्यावर समजा ३२० ची वाढ होत असेल, तर या नमुन्यात निम्मी चमक विझली होती आणि शुद्ध पाण्याच्या आलेखावरून आपण १५ ऐवजी ७.५ वाचले असते.

याची उलटतपासणी सोपी आहे. नमुना विआयनित पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा मोजावा आणि उत्तराला दहाने गुणावे. पातळ केल्याने विझवणारे घटकही विरळ होतात. दोन्ही उत्तरे जुळली तर काळजी नाही, पातळ नमुन्याचे उत्तर लक्षणीय जास्त आले तर पहिल्या मापनात काहीतरी अडकले होते. मोजताना क्युवेटच्या पारदर्शक बाजूंना बोटे लावू नयेत, बुडबुडे जाईपर्यंत थांबावे, आणि बफरचा प्रत्येक नवा साठा वापरण्यापूर्वी त्याचे कोरे वाचन घ्यावे, कारण फॉस्फेट रसायनांतच थोडे युरेनियम असण्याची शक्यता असते. खताला वापरला जाणारा रॉक फॉस्फेट युरेनियमयुक्त असतो हे सर्वज्ञात आहे.

निकालाची मांडणी आणि पुढची पायरी

कोऱ्या नमुन्याच्या किमान दहा वाचनांवरून शोधमर्यादा काढावी आणि अहवालात ‘युरेनियम नाही’ असे न लिहिता ‘लिटरमागे अमुक मायक्रोग्रॅम या शोधमर्यादेच्या वर आढळले नाही’ असे लिहावे. चित्रणाच्या अहवालात तर ‘सहा संयुजेचे, प्रतिदीप्तिक्षम युरेनियम’ हा शब्दप्रयोग ठेवावा, म्हणजे चार संयुजेच्या युरेनियमबद्दल आपण काही बोललेलो नाही हे वाचकाला कळते. नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार मिलिग्रॅममागे सुमारे २५ बेकरेल असतो. वस्तुमानावरून बेकरेल काढायचे असतील तर युरेनियम नैसर्गिक असल्याचे गृहीतक लिहूनच काढावेत. भूजलात युरेनियम-२३४ आणि २३८ यांचा समतोल अनेकदा बिघडलेला असतो, त्यामुळे हे रूपांतर अंदाजापुरतेच राहते.

समस्थानिकांचा प्रश्न उपस्थित झाला की नमुना वस्तुमान वर्णपटमापीकडे पाठवावा. पाण्यासाठी आयसीपी-एमएस, म्हणजे प्लाझ्मा वापरणारी वस्तुमान वर्णपटमापी, एकेकट्या कणासाठी सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री. २००३ साली इराणमधील नतांझ येथील स्वाइपमध्ये अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले ते याच प्रकारच्या मापनाने. ते आयात केलेल्या यंत्रभागांवरून आल्याचे इराणचे म्हणणे बहुतांश कणांच्या बाबतीत पुढील तपासाशी सुसंगत ठरले, तेही समस्थानिकांच्या गुणोत्तरांवरूनच. कण पाठवताना त्याचे सहनिर्देशक, तिन्ही फिल्टरांतील चित्रे, वर्णपट आणि कोऱ्या कापडाची चित्रे सोबत द्यावीत. कण आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन त्यात युरेनियम असल्याची मूलद्रव्य-तपासणी करून घेतली तर पुढच्या प्रयोगशाळेचा महागडा वेळ वाचतो.

युरेनिल नायट्रेट किंवा ॲसिटेट यांसारखी संयुगे कपाटात दिसली म्हणून वापरू नयेत. भारतात युरेनियमची खरेदी, साठवण आणि विल्हेवाट नियंत्रित आहे, त्यामुळे संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याशी बोलून, शक्य तितक्या सौम्य प्रमाणित द्रावणावरच काम भागवावे. वापरलेली स्टँडर्ड द्रावणे, भर घातलेले नमुने आणि क्युवेट धुतलेले पहिले पाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या, नाव लिहिलेल्या पॉलिथिनच्या कॅनमध्ये जमा करावे. कॅनवर तारीख आणि अंदाजे एकूण युरेनियम लिहावे, आणि तो कॅन स्वाइप उघडण्याच्या खोलीत कधीही नेऊ नये.